नाव नसलेला उखाणा

वेम्बली, रविवार, २९ जून

आणि वर मीच तुमचा अपमान केला म्हणे! वन्सं, अपमान कुणाचा झाला ते आधी ठरवू, मग रुसायचं कुणी ते बघू.

मंडळाच्या हॉलमध्ये पडद्यावर तुमचा कागद लावलात. ठीक. पाठदुखीवरचा अभ्यास, डॉक्टरांच्या मोठ्या मासिकात छापून आलेला, त्यावर तुमचं नाव. ठीक. त्यातला वरचा, थोडक्यात निष्कर्ष सांगणारा चौकोन तेवढा वाचून दाखवलात, की व्यायामाच्या क्लासला गेलेल्या बायकांचं दुखणं पुष्कळ कमी झालं, सबब हा क्लास सगळ्यांना द्यावा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांच्या वर, कारण नणंद माझी आहे. आणि वाजवता वाजवता माझ्या डोक्यात आलं, अगं बाई, ह्या अभ्यासात तर मी पण होते!

विसरलात का? आपल्या डॉक्टरच्या सर्जरीतून पत्र आलं, पाठ दुखते का? दुखते. मग कम्प्युटरने चिठ्ठी काढली. अर्ध्या जणी हॉस्पिटलात व्यायामाच्या क्लासला, आणि अर्ध्या जणींच्या हातात एक पुस्तिका, की जपून वाका आणि चालत राहा. मी पुस्तिकेवाली. तुम्ही घरच्या, म्हणून मला तपासायला तुम्ही नव्हतात, एक गोरी मुलगी फोन करून विचारायची. आणि माझी पाठ बरी झाली, वन्सं! केटररकडे दिवसभर उभी राहून पोळ्या लाटते मी, पण आता घरी आल्यावर बूट काढायला कुणाला हाक मारावी लागत नाही. माझीच नाही, पुस्तिकेवाल्या पुष्कळ जणींची बरी झाली. मग तुमच्या चौकोनात आम्ही का नाही? म्हणून उभी राहिले आणि विचारलं, "वन्सं, आमच्या पाठी कुठे गेल्या?"

हॉल हसला, त्याला मी काय करू? माझा आवाज लहानपणापासून असाच. तुमचे दादा म्हणतात, घरी विचारायचं होतंस. घरी तुम्ही येता कुठे? रीडिंगहून वेम्बलीला यायला तुम्हाला पडदा आणि माईक लागतो.

आणि तुम्ही काय केलंत? लॅपटॉपची वायर खेचलीत, अतुलरावांना डोळ्यांनीच 'चला' म्हणालात, आणि पुरणपोळी न खाता गाडीत बसलात. माझी पुरणपोळी! दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सऍपवर एकच टिक. तुमचा फोटो पण गेला. म्हणून हे पत्र. पत्राला ब्लॉक करता येत नाही.

आता माझी बाजू ऐका. मी सहावीत शाळा सोडली, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. शेजारच्या लिलीताईंना म्हटलं, तो कागद मला अख्खा वाचून दाखवा. लिलीताई तुम्हाला माहीत आहेत, ठाण्याच्या सिनेगॉगजवळ वाढलेल्या, जन्मभर लंडनच्या ऑफिसांत टायपिंग केलेल्या. इंग्रजी फाडफाड, आणि मराठी अजून माझ्यापेक्षा गोड. त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "रेखा, इथे आत लिहिलंय गो. क्लासवाल्या आणि पुस्तिकेवाल्या, दोघींच्यात फरक नाही. दोन्ही सारख्याच बऱ्या."

"मग वर का नाही लिहिलं?"

"वर फक्त क्लासवाल्यांचं लिहिलंय. आधी किती दुखत होतं आणि मग किती."

वन्सं, मे महिन्यात ईलिंग रोडवर आंब्याची पेटी घेताना मी झाकण उघडून वरचा थर बघून पैसे देत नाही. खालचा थर काढून दाखव म्हणते. दुकानदार तोंड वाकडं करतो, पण काढतो. तुमचा चौकोन म्हणजे पेटीचा वरचा थर. आंबे खोटे नाहीत, पण पेटी तशी नाही.

तुम्ही म्हणाल, ज्याला हवं तो आत वाचेल. कोण वाचतो? लिलीताईंच्या डॉक्टरने त्यांना हाच चौकोन दाखवून सांगितलं, तुम्ही क्लासला जा. लिलीताईंनी विचारलं, आतलं वाचलंत का? तो म्हणाला, आम्हाला एवढंच वाचायला वेळ असतो. आता ही पंचाहत्तरीची बाई दोन बस बदलून जाणार, जे पुस्तिका वाचून घरच्या घरी झालं असतं त्यासाठी!

बास. हे झालं भांडण. आता कामाचं. आपल्या राजच्या मायराची पहिली मंगळागौर ९ ऑगस्टला आहे. वार शनिवार. इथे देवीलाही वीकेंड बघून यावं लागतं. आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा. तुम्ही मायराच्या आत्तेसासू, आणि दादांना राखी बांधणारी तुम्ही एकच. रोज पोस्टमन यायच्या वेळी दादा खिडकीत उभे राहतात. मी नाही राहत. मला कामं असतात.

तुमची वहिनी,
रेखा


वेम्बली, शनिवार, १२ जुलै

तुमचं पत्र पोचलं. टाइप केलेलं, वर 'आदरणीय वहिनी'. आदरणीय! मला वाटलं कौन्सिलकडून आलं, दादांनी तर न उघडताच बिलांच्या टोपलीत टाकलं होतं. मीच काढलं. पोस्टमनला विचारलं तेव्हा म्हणाला की दिलंय, म्हणून शोधलं. विचारलं ते असंच, त्याचा कुत्रा आजारी होता त्याची चौकशी करताना.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. एक, वरच्या चौकोनाला शब्दांची मर्यादा असते. दोन, त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तीन, तुमचे बॉस ऍलनसाहेब म्हणाले, 'फरक नाही' असं वर लिहिलं तर पुढे कोण वाचणार, तेव्हा चांगलं ते वर घे.

तिसऱ्यापासून सुरू करते. ऍलनसाहेबांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, आमच्या केटररचंही हेच म्हणणं असतं. डब्यात वर गुलाबजाम ठेव, भाजी खाली.

दुसरं. खोटं नाही, मान्य. पण वन्सं, तुमचा प्रश्न काय होता? क्लास पुस्तिकेपेक्षा बरा का? हाच ना? लिलीताईंनी मला दोनदा वाचून दाखवलं, आत पहिल्याच पानावर आहे. मग उत्तर काय आलं? नाही, सारखेच. ते उत्तर सोडून बाकी सगळं वर लिहिलंत. मी तुम्हाला फोन करून विचारलं, घरी आहात का, आणि तुम्ही म्हणालात, आज ऊन छान पडलंय, तर ते काय खोटं असतं?

आता राहिले शब्द. शब्द कमी पडले म्हणता? तुमचं लग्न आठवा. मी तेव्हा नवी नवी, तुमच्या मागे तुमचा शेला धरून उभी. सगळ्यांनी गलका केला, नाव घे, नाव घे. आणि तुम्ही, एवढ्या शिकलेल्या, आठवडाभर पाठ केलेला उखाणा सुरू केलात. त्यात चांदणं होतं, समई होती, मोगरा होता, सासरची माया होती. काय सुंदर म्हणालात! आणि संपवलात, आणि खाली बसलात. अतुलरावांचं नावच नाही! सगळा मांडव ओरडला, "नाव? अहो, नाव कुठाय?" अतुलराव बिचारे हार घालून बघत बसलेले, की मी आहे ना ह्या लग्नात? आईंनी तुम्हाला परत उभं केलं होतं. तेव्हाही तुम्ही लाल झाला होतात, पण हसून हसून. जेवणाच्या पंगतीपर्यंत हसत होतात.

उखाण्याला दोनच ओळी असतात, वन्सं. त्यात चांदणं नसलं तरी चालतं, समई नसली तरी चालतं. नाव नसलं की तो उखाणा होत नाही. तुमचा चौकोन तसाच झालाय. चांदणं भरपूर, नाव नाही. मी हॉलमध्ये तेवढंच विचारलं, नाव कुठाय?

दादा म्हणतात, हे पत्र पाठवू नको, ती अजून चिडेल. चिडू दे. चिडलेलं माणूस निदान उत्तर देतं.

आणि हो, मायराला मंगळागौरीचे खेळ शिकवतेय. मुलगी इथेच जन्मली, मराठीत 'माझा पाठ दुखतो' म्हणते, पण फुगडीला पाय काय टाकते! काल मला म्हणाली, "आई, सुप्रभाआत्या माझी पार्टनर असणार ना?" मी म्हटलं, नाही, ती माझी आहे. म्हणजे पार्टनर.

रेखा


वेम्बली, शुक्रवार, १८ जुलै

वन्सं, बसा. उभ्या असाल तर बसा, आणि चहा हातात असेल तर खाली ठेवा.

काल गुरुवारची प्रॅक्टिस होती. लिलीताई गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसतात आणि मांडीवर सूप ठेवून सगळ्यांना हुकूम सोडतात. झिम्मा झाला, बसफुगडी झाली, मी घामाने निथळत भिंतीला टेकले, आणि माझा फोन वाजला. केटरर होता, उद्या लवकर ये म्हणून. मी धापा टाकत हो म्हटलं. लिलीताई बघत होत्या. म्हणाल्या, "अगो रेखा, तेव्हाही तू अशीच धापा टाकत बोलायचीस."

"कधी?"

"ती हॉस्पिटलची पोरगी फोन करायची तेव्हा. ह्याच भिंतीला टेकून. दोन वर्षांमागे आपण मंगळागौरीच्या कॉम्पिटिशनची तयारी करत होतो ना, त्या उन्हाळ्यात."

वन्सं, मी त्याच भिंतीला घसरत खाली बसले. त्या अंगातल्या घामासकट.

ती मुलगी दर वेळी विचारायची, पाठ किती दुखते, झोप लागते का, मोजे घालता येतात का. आणि शेवटी विचारायची, पुस्तिकेशिवाय आणखी काही व्यायाम करता का? आणि मी काष्टा मारलेली, नुकतीच फुगडीतून सुटलेली, श्वास वरचा वर आणि खालचा खाली, तिला काय सांगायची? "नो, नो. नो एक्सरसाइज."

मी खोटं नाही बोलले! देवीशपथ, माझ्या मनातही आलं नाही. मंगळागौर कुणी व्यायाम म्हणून खेळतं का? ते व्रत आहे, खेळ आहे, चार जणींत धुडगूस आहे. व्यायाम म्हणजे लेगिंग घालून करायचा, आणि करायचा कंटाळा येतो तो. फुगडीचा मला कधी कंटाळा आला? पोळ्या लाटून आले तरी आला नाही.

मी तिथेच ओरडले, "दोन वर्षांपूर्वी कुणाकुणाला पुस्तिका मिळाली होती? हात वर!" वन्सं, अर्धा हॉल वर. होणारच, सर्जरी एक, देऊळ एक, हॉल एक. मी विचारलं, "आणि फोनवर काय सांगितलंत?" सगळ्या एका सुरात, "नो एक्सरसाइज!" आणि मग ज्या हसत सुटल्या आहेत! एकीने सुपात तोंड लपवलं. लिलीताईंचा पट्टा सुटला. मायरा मधोमध उभी, कपाळाला हात लावून. म्हणाली, "आई, यू ऑल ब्रोक द सायन्स!"

थांबा, अजून आहे. मी विचारलं, क्लासवाल्या कुणी आहेत का इथे? कोपऱ्यातून एक हात वर. म्हणाली, "मी होते क्लासला. तो पण गुरुवारी संध्याकाळीच असायचा. त्याच्यापायी त्या वर्षी मंगळागौरीला मुकले. अजून राग आहे माझा."

कळलं का? क्लासवाल्या हॉस्पिटलात पाय उचलत होत्या, आणि पुस्तिकेवाल्या इथे सुपं नाचवत होत्या. आणि तुमच्या कागदावर आम्ही सोफ्यावर बसून पुस्तिका वाचत होतो!

हे मी तुम्हाला तोंडावर मारायला लिहीत नाहीये. मला तर काल झोपेतही हसू येत होतं, दादांनी उठवलं, काय झालं म्हणून. वन्सं, इतके दिवस मला वाटत होतं की तुमचा क्लास फुकट गेला आणि ते तुम्ही झाकलंत. तुमचा क्लास फुकट कुठे गेला? आमच्या फुगडीशी बरोबरीत सुटला! ह्याला हरणं म्हणत नाहीत. आमच्या फुगडीशी बरोबरी करायला दम लागतो.

लगेच लिहा. किंवा फोन उघडा. मला तुमचा आवाज ऐकायचा नाहीये, फक्त तुम्ही हसलात की नाही तेवढं ऐकायचंय.

रेखा


वेम्बली, बुधवार, ३० जुलै

ह्या वेळी हाताने लिहिलंत. 'आदरणीय' पण गेलं. पहिलंच वाक्य, "वहिनी, तुम्ही मंगळागौर खेळत होतात आणि दोन वर्षं मला सांगितलं नाहीत?" चार ठिकाणी पेनने कागद फाटलाय इतक्या जोरात. वाचून मला इतका आनंद झाला! ही माझी नणंद. टाइपवाली ती कुणी दुसरीच होती.

पण तुम्ही विचारलं होतंत का, वन्सं? व्यायाम करता का, विचारलंत. नाचता का, खेळता का, कुणाच्या घरी पिंगा घालता का, हे कुणी विचारलं? पुढच्या वेळी असं विचारा, की आठवड्यात घाम कधी आला आणि कशाने? मग बघा बायका काय काय सांगतात ते.

बाकीचं लिलीताईंना वाचून दाखवलं. ऍलनसाहेबांना तुम्ही सगळं सांगितलंत, ते टेबलावर डोकं ठेवून हसले, हे वाचून मला ते थोडे आवडायला लागलेत. मासिकाला दुरुस्ती पाठवलीत. वरच्या चौकोनात आता पहिल्यांदा येणार, की दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आणि आत लिहिणार, की पुस्तिकेच्या गटातल्या काही बायका नियमित पारंपरिक खेळ खेळत होत्या. लिलीताईंनी हे वाक्य ऐकलं आणि म्हणाल्या, "पारंपरिक खेळ! काय गो सभ्य वाटतं. आमची बसफुगडी बघितली नाही त्यांनी."

तुम्ही मला तंबीही दिलीत, की फुगडीने पाठ बरी होते असं गावभर सांगत सुटू नका. पाठदुखी बऱ्याच वेळा आपोआपच ओसरते, आणि कशाने काय झालं ते ह्या अभ्यासावरून कुणालाच सांगता येणार नाही. बरं. नाही सांगत. म्हणजे तीन-चार जणींना सांगून झालं होतं, त्यांना परत फोन करून सांगितलं की नक्की नाही. एक म्हणाली, नक्की नसलं तरी येते, घरी बसून तरी काय करू? मग करा की फुगडीचा वेगळा गट! चिठ्ठ्या काढा कम्प्युटरने. फक्त मला फुगडीतच टाका. पुस्तिका परत आली तर मी ती चुलीत घालीन. चूल नाहीये, पण शोधीन.

आता शेवटची ओळ. "९ तारखेला जमेलसं वाटत नाही. सगळ्या असतील. मी दिसले की पुन्हा हसतील."

हसतील तर! न हसायला काय झालं? सगळ्या नटून, गजरे माळून, बेंबीच्या देठापासून हसायलाच येतात. मला हसतील, 'नो एक्सरसाइज'वाली म्हणून. मायराला हसतील, ती अजून झिम्म्यात उलटी फिरते. तुम्हाला हसतील, आणि मग तुम्ही पण हसाल, तुमच्या लग्नातल्यासारखं. त्या दिवशी तुम्ही लाल होऊन हॉलमधून निघालात, ते मला आवडलं नाही. तुमचं लाल होणं मला हसण्यातलंच माहीत आहे.

आणि नाव घ्यायचं काय, ह्याची काळजी नको. मी उखाणा करून ठेवलाय. तुमच्या सगळ्या कागदाचं सार. बघा:

व्यायामाच्या बायका बऱ्या, पुस्तिकेच्याही बऱ्या,
अतुलरावांचं नाव घेते, दोन्ही गोष्टी खऱ्या.

दोन ओळी. शब्दांच्या मर्यादेत बसतं. ऍलनसाहेबांनाही समजावून सांगा, मासिकात टाकायला माझी ना नाही.

तुमची जांभळी नऊवारी तुम्ही लग्नानंतर इथे शिकायला आमच्याकडे राहात होतात तेव्हापासून माझ्याच कपाटात आहे. तिला ऊन दाखवून, इस्त्री करून दारामागे टांगलीये. कपाटात जागा अडवत होती म्हणून, दुसरं काही कारण नाही. दादांनी मनगटावरचं घड्याळ उजव्या हाताचं काढून डाव्या हातात घातलंय. विचारलं तर म्हणतात, पट्टा टोचत होता. पुरण मी शुक्रवारी वाटणार, तुम्ही मागच्या वेळी सोडून गेलात त्या पोळीचंही त्यात धरून.

मंगळागौरीला मायरा मैत्रिणीबरोबर खेळेल, लिलीताई सूप धरतील. माझे दोन्ही हात मोकळे ठेवलेत. कुणी मागितले तर सांगते, ठरलेत. पाठ माझी तयार आहे, तुमची तुम्ही बघा, फिजिओ तुम्ही आहात.

येणार का, असं मी विचारत नाही. तुम्ही आत्तेसासू आहात, तुम्हाला कसलं आमंत्रण? उत्तर पत्राने नको, पोस्टमनला मी फार छळलंय. मंगळवारी, ५ ऑगस्टला सकाळी मी तुम्हाला व्हॉट्सऍपवर एकच शब्द पाठवणार आहे, 'फुगडी?' त्याच दिवशी दिवे लागायच्या आत मला तिथे दोन टिक दिसल्या पाहिजेत.

तुमची वहिनी,
रेखा